तार जोडली का?

राणीसावरगाव
१० ऑगस्ट २०२५

दत्तराव,

वर 'चिरंजीव' लिहावं की नुसतं नाव, यातच अर्धी सकाळ गेली. शेवटी नुसतं नाव ठेवलं. आशीर्वाद आहेतच, पण रागही आहे, आणि दोन्ही एका ओळीत बसेनात.

आपली घरं एका गल्लीत, रानं एका बांधाला, आणि मी तुला पत्र लिहितोय हे पाहून तुझी बायना वहिनी हसली. म्हणाली, "पोस्टात टाकता का मीच नेऊन देऊ?" तीच देईल. तिची आणि तुझ्या धुरपताची, दोघी जावांची, बांधावरच्या लिंबाखाली रोज गाठ पडते. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि दोघंही आंधळ्याचं सोंग घेऊन बसलोय. तोंडानं बोलायला गेलो की आपले आवाज चढतात, म्हणून हा कागद.

लिंबाजी त्याच्या दुकानात सांगत होता, तू चारचौघांत म्हणालास की "दादानं डुकरं माझ्या रानात हाकलली." बाबा रे, मी एक झटका मशीन बसवलं. बॅटरीवर चालतं, तारेला अंग लागलं की डुकराला चटका बसतो आणि ते पळतं. जीव जात नाही. सरकारही नको म्हणत नाही. माझा मका कणसाला आलाय. रात्रीतून कळप शिरला तर सकाळी धाटं मोजायलाही उरत नाहीत. मी माझ्या रानाचं रक्षण केलं. तुझ्या भुईमुगात डुकरं गेली हे मला वाईट वाटतं, पण त्यांना मी पत्ता सांगितला नव्हता.

गंगाखेडच्या कॉलेजात मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. बारावीच्या पोरांना अमेरिका-रशियाची अण्वस्त्रांची चढाओढ शिकवताना एक वाक्य हमखास टाकायचो: जगातल्या प्रत्येक देशात संरक्षण खातं आहे, हल्ला खातं कुठंच नाही, तरी लढाया होतात. पोरं हसायची. हे तुला कशाला सांगतोय? कारण माझं कुंपण खरोखरच संरक्षणाचं आहे. ती मोठी राष्ट्रं म्हणायची ते निराळं.

तुझा राग मशीनचा नाही हे मला कळतं. निवृत्त होऊन गेल्या वर्षी गावी आलो आणि माझ्या वाट्याचं रान मागितलं, तेव्हा तू एवढंच म्हणालास, "तुमचं हाय, घ्या." तीस वर्षं तू कसलेलं रान. भांडला असतास तर बरं झालं असतं. तू गप्प बसलास, आणि त्या गोष्टीवर तेव्हापासून गप्पच आहेस.

व्यंकटराव


५ ऑक्टोबर २०२५

दत्तराव,

उत्तर आलं नाही, पण तुझी तार आली. दोन पदरी. बॅटरीही मोठी आहे म्हणे. लिंबाजी माझ्याशी बोलताना तुझ्या मशीनची तारीफ करतो, आणि तुझ्याशी बोलताना माझ्या मशीनची करत असणार. दोन्ही मशीनं त्याच्याच दुकानातली. त्याचं बरं चाललंय.

तुझं कुंपण झालं त्याच आठवड्यात माझ्या मक्यात कळप घुसला. डुक्कर हवेत विरत नाही, हे मान्य. एकाच्या रानातून हुसकलं की दुसऱ्याच्या रानात जाणारच. तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. पण ऑगस्टात मीही मुद्दाम केलं नव्हतं, एवढं तू एकदा तरी म्हणायला हवं होतंस.

तुझ्या विहिरीजवळ निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं आहे. मी बघायला आलो नव्हतो, जाता-येता दिसतं. लिंबाजीला विचारलं तर म्हणाला, "मला ठाव न्हाई बाबा, पण दत्तरावचं काम लय मोठं चालू हाय." काय आहे ते सांगून टाक ना. भावाला सांगायला कसली चोरी?

वर्गात एक गोष्ट मी रंगवून सांगायचो. एक काळ असा होता की रशियाकडं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त क्षेपणास्त्रं आहेत असं अमेरिकेत सगळ्यांना वाटत होतं. त्या भीतीपोटी त्यांनी कारखाने चालू केले. पुढं आकाशातून फोटो काढले तेव्हा कळलं की रशियाकडं तेव्हा फारच थोडी होती. पण कारखाने चालू झालेले, आणि ते बघून आता रशियाला खरीच भीती वाटली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. हे सांगताना मी खडू हातात उडवायचो आणि म्हणायचो, बघा किती शहाणी माणसं किती येडी असतात.

मी तीन पदरी तार करून घेतली आहे. तुझ्यावर नाही, डुकरांवर.

खरंतर माझ्या मनात दुसरंच आहे. दोघांच्या रानाला मिळून एकच कुंपण घालू. बांधावर तार नको, बाहेरून घेऊ. तारही निम्मी लागेल आणि राखणीलाही आळीपाळीनं जाता येईल. तू आधी तुझं बांधावरचं काढ, म्हणजे मी माझं काढतो.

व्यंकटराव


२३ नोव्हेंबर २०२५

दत्तराव,

तुझा निरोप धुरपतानं सांगितला, बायनानं मला दिला: "आधी दादानं काढावं." म्हणजे एक कुंपण तुलाही हवंय. मलाही हवंय. फक्त आधी कोणी काढायचं यावर गाडी अडली. मोठा मी आहे म्हणून मी आधी झुकावं, की धाकटा तू आहेस म्हणून तू? महिना गेला. हरभरा उगवून वर आला, ज्वारी गुडघ्याच्या वर गेली आणि दोघांच्या तारा जागच्या जागी.

आता जे ऐकतोय ते मात्र चटक्यापुरतं नाही. तू मशीन काढून उघडी तार लाकडी खुंट्यांवर ओढलीस आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून थेट लाईट जोडलीस, असं गाव म्हणतंय. मी येऊन बघितली. तार आहे, मशीन दिसत नाही. तुझ्या बांधाच्या टोकाला एक कुत्रं मरून पडलेलं होतं. मारुतीच्या पारावर तू म्हणालास म्हणे, "माझ्या रानात पाय ठिवून बगावं कुनी." हे खरं आहे का? नाही म्हण. एका शब्दानं नाही म्हण.

दत्तराव, ही थेट लाईट म्हणजे खेळ नाही. तिला डुक्कर कळत नाही, माणूस कळत नाही. रात्रीचं पाणी द्यायला आपणच जातो. आपलाच पाय अडखळला तर? आपल्या दोघांच्या बांधावर एखाद्या दिवशी माणूस मरेल. हे मी तुला भीती घालायला लिहीत नाही, मला झोप येत नाही म्हणून लिहितोय.

एकदा एका पोरानं मागच्या बाकावरून विचारलं होतं, "सर, सगळी दुनिया एकदा जाळायला पुरतील एवढे बॉम्ब झाल्यावर आणखी कशाला केले? एकदा मेल्यावर परत कसं मरायचं?" सगळा वर्ग हसला. मी त्याला पुस्तकातलं उत्तर लिहून दिलं: सत्तेचा समतोल, विचारसरणीतला विरोध, परस्पर अविश्वास. तीन मुद्दे, तीन गुण. ते उत्तर बरोबरच आहे. पण आता वाटतं, त्या पोराला मी मधलीच गोष्ट सांगितली नाही. बॉम्ब मारायला केलेले नव्हते. समोरच्यानं हात उचलू नये म्हणून केलेले होते. आणि समोरच्याला जरब बसेल एवढं आपल्याकडं आहे का, हे ठरवायचं कोणी? ज्याला भीती वाटते त्यानंच. त्याला ते कधी पुरेसं वाटणार?

लिंबाजीकडून मीही तारेचं एक बंडल आणलं आहे. गोठ्यात पडून आहे. तू नाही म्हणालास तर परत करतो.

व्यंकटराव


१४ डिसेंबर २०२५

चि. दत्तराव यास आशीर्वाद.

शेवटी तू विचारलंस! धुरपताच्या तोंडून का होईना, पण विचारलंस. बायनानं तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले: "दादाला म्हणावं, येळवस आली. धुरपताला आंबील घिऊन तुमच्या रानात यायचंय. तुमी तार जोडली का? तेवढं लिवून द्या."

तर लिहून देतो. माझ्या रानाला तार आहे, पण ती साधी आहे. लाईट जोडलेली नाही. धुरपतानं बिनघोर यावं, पोरीबाळींनी यावं, तूही यावंस. येळवशीच्या अमावास्येला आपल्याकडं रानात शत्रूच्या कोपीतही पानावर बसतात, आणि आपण तर भाऊ. सगळ्या भाज्यांची भज्जी बायना करणार आहे, आंबील धुरपतानं आणावी, तिच्या हातची आंबील खाऊन मला चार वर्षं झाली असतील.

इतक्या वेळा सांगायची गरज नाही, पण गावात लोक काहीही बोलतात म्हणून पुन्हा सांगतो की जोडलेली नाही. पंधरा दिवसांत माझ्या हरभऱ्यात एकही डुक्कर आलेलं नाही, यावरून कोणी काही तर्क काढेल. डुकरं यंदा तिकडं डोंगराकडं गेली असावीत. ओढ्याकडच्या बाजूला एक कोल्हं मेलेलं सापडलं, ते कशानं मेलं मला माहीत नाही. म्हातारं होतं. बायनालाही मी हेच सांगितलं आहे.

ह्या दोघींचं मला फार कौतुक वाटतं. अमेरिका आणि रशिया एकदा युद्धाच्या अगदी काठावर जाऊन मागं फिरले, त्यानंतर त्यांना अक्कल आली आणि त्यांनी दोन राजधान्यांत एक खास लाईन टाकली. काहीही झालं तरी एकमेकांना थेट विचारता यावं म्हणून. आपल्याकडं ती सोय आधीपासूनच आहे, लिंबाखाली. पण त्या लाईनवरून काय सांगायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. ते असो.

तू मात्र तुझ्या तारेचं काहीच कळवलं नाहीस. मी विचारलं होतं. येळवशीच्या दिवशी तेवढी बंद ठेव म्हणजे झालं.

तुझा,
व्यंकटराव


२८ डिसेंबर २०२५

दत्तराव,

परभणीला दवाखान्याच्या जिन्यात तू मला पाहिलंस आणि पाठ फिरवली नाहीस. मी सगळं ठरवून आलो होतो, काय बोलायचं ते एसटीत घोकत होतो, आणि तू समोर आल्यावर मुख्य ते न सांगताच परत आलो. म्हणून परत कागदच.

तार जोडलेली होती.

बंडल गोठ्यात पडून आहे असं लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती ओढली आणि पेटीतून एक वायर काढून तिला आकडा लावला. पत्रात 'जोडलेली नाही' लिहिलं तेव्हा ती जोडलेलीच होती. जोडली म्हणालो असतो तर तू तक्रार केली असतीस, किंवा आणखी काहीतरी केलं असतंस, काय ते मला माहीत नव्हतं, आणि जे माहीत नव्हतं त्यालाच मी भीत होतो. आणि खरं बोलून तुझ्यापुढं उघडा पडायचं नव्हतं. मनात हिशेब असा होता की शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. येळवशीच्या आठवड्यात रात्रपाळी होती. दिवसभर तार मेलेली, धुरपता दिवसा येणार, दिवसा जाणार. कोणाला काय कळतंय?

तरी सकाळी उठल्याबरोबर आकडा काढावा असं मनात आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण बायना झुंजुमुंजूलाच रानात पोचली होती. विहिरीजवळच कडब्याची कोपी घालत होती, पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवत होती. तिच्यासमोर पेटी उघडली असती तर ती म्हणाली असती, जोडली नव्हती तर काढताय काय? मी तिच्यापुढं खोटं पडायला लाजलो. तेवढ्यासाठी, दत्तराव. म्हटलं, लाईट रात्रीच येणार आहे.

आदल्या रात्री कुठंतरी लाईनमध्ये बिघाड झाला होता, म्हणून त्या दिवशी लाईट दिवसा सोडली. गावात कोणालाच कळलं नव्हतं. आपल्याकडं लाईट कधी येते हे मोटारीला आधी कळतं आणि माणसाला नंतर. त्या दिवशी माझी मोटार बंद होती.

पुढचं तू पाहिलंस, मी कोपीच्या आत होतो. धुरपता आंबिलीचं गाडगं घेऊन माझ्या रानाला फेरी घालत होती, पाल्यानं पिकावर शिंपडत. सालाबादची रीत, पण रान माझ्याकडं आल्यापासून ती पहिल्यांदाच करत होती. कोपऱ्यावर तार ओलांडताना तिनं तारेला हात दिला. हात आंबिलीनं भिजलेला. बायना ओरडली तेव्हा मी बाहेर आलो आणि मला काही म्हणजे काही सुचलं नाही. तू तुझ्या रानातून धावत आलास आणि फावड्याच्या दांड्यानं तार तोडलीस. मी बघत उभा होतो. तीस वर्षं ज्यानं संकटकाळी काय करावं हे पोरांना शिकवलं तो उभा होता. लोकासांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

धुरपता वाचली हे तुझ्यामुळं. उजव्या हाताची दोन बोटं गेली ती माझ्यामुळं.

तू जिन्यात जे बोललास ते मी रोज आठवतोय. "दादा, माझी तार कवाच जोडलेली नव्हती. नुसती ओढली होती. तुमी भ्यावं म्हणून मीच लिंबाजीला सांगितलं, थेट लाईट लावलीय म्हणून." कुत्रं मोटारसायकलखाली आलं होतं. ताडपत्रीखाली तुषार सिंचनाचे पाइप होते, बायनाला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, मी तिला कधी विचारलंच नाही. आणि मी विचारलं, पण मी कशाला भ्यावं? तर तू म्हणालास, "तुमी शिकलेले. आर्धं रान एका शब्दात घेतलं. उद्या कागद काढून बाकीचंबी घेतलं तर मी कुटं जाऊ? मला लय भेव वाटायचं तुमचं."

दत्तराव, तुला माझी भीती वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकदाही नाही. मला वाटायचं, भीती काय ती माझ्या एकट्याकडं, तुझ्याकडं नुसता दांडगेपणा. शीतयुद्धावर मी पोरांना शेकडो वेळा बोललो असेन, पण हे मला त्यात दिसलं नव्हतं. ती दोन राष्ट्रंही अशीच बसली असतील, चाळीस वर्षं, प्रत्येकाला वाटत असेल की घाबरलेले आपणच, समोरचा तर नुसता चालून येतोय. पेपरात आलंय की त्यांच्यातला अण्वस्त्रांवरचा शेवटचा करार येत्या फेब्रुवारीत संपतोय. वाचलं आणि पेपर बाजूला ठेवला. आता त्यावर काही बोलायचा मला अधिकार नाही.

मग तू पुढं म्हणालास ते. "तुमी लिवून दिलं होतं म्हणून मी तिला म्हणलं, जा बिनघोर, दादा कागदावर खोटं लिवत न्हाई."

त्याच दिवशी संध्याकाळी मी माझी तार गुंडाळून घरी आणली. पंचनाम्याला लोक आले तेव्हा माझ्या रानात फक्त खुंट्या होत्या आणि तुझ्या रानाला उघडी तार. गावानं सांगितलं, दत्तराव थेट लाईट लावतो, आम्ही त्याच्याच तोंडून ऐकलंय. तू पोलिसांना सांगितलंस की धुरपताला मोटारीचा शॉक बसला. त्यावर त्यांचा विश्वास बसलेला नाही. तुझ्यावर केस होणार असं लिंबाजी म्हणत होता. ऐकून फार वाईट वाटलं. आपण चांगला वकील देऊ, गंगाखेडला माझा एक विद्यार्थी आहे. मी तुझ्या पाठीशी उभा आहे.

मला माफ कर.

व्यंकटराव


६ जानेवारी २०२६
पोलीस ठाणे

दत्तराव,

वरचा पत्ता वाचून घाबरू नकोस. मी स्वतःच्या पायानं आलोय. साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, हवालदारांनी बाकावर बसवलंय आणि चहाही दिला. कोणाचे तरी मास्तर आहेत एवढं त्यांना कळलं. बसल्या बसल्या लिहितोय.

मागचं पत्र बायनाला दिलं तेव्हा तिनं ते वाचलं. आधी कधी वाचत नव्हती, नुसती नेऊन द्यायची. वाचून झाल्यावर पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "माझ्या जावंची बोटं गेली, आन् तुमी भाऊजीला वकील देताव? केस तुमच्यावर पाहिजे, तर वकील त्याला कशाला?" मी म्हटलं, माफी मागितली ना. ती म्हणाली, "माफी कागदावर मागितली. कागदावर तर तुमी 'जोडली न्हाई' असंबी लिवलं होतं." आणि पत्र माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "हे मी नेणार न्हाई. धुरपतापुढं कोन्या तोंडानं जाऊ?" पत्र मग मी पोस्टानं पाठवलं. तेव्हापासून ती लिंबाखाली जात नाही, आणि माझ्याशी कामापुरतं बोलते.

तिचं खरं होतं. मी तुझ्याजवळ कबूल झालो, कारण तू सांगणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तुझ्या चांगुलपणाआड मी लपलो. ठाण्यात यायचं म्हटलं की पेन्शन डोळ्यांपुढं यायची, पेपरात नाव यायचं, जुनी पोरं काय म्हणतील ते यायचं. आठ दिवस मी हेच म्हणत बसलो की आधी तू काहीतरी सांगून मोकळा हो, मग मी बघतो. म्हणजे पुन्हा तेच. आधी तू.

आज सकाळी तारेचं बंडल पोत्यात घातलं आणि गाडीत बसलो. कोणाला विचारलं नाही. बायना दारात उभी होती, तिनं पोत्याकडं पाहिलं आणि डब्यात भाकरी बांधून दिली.

(इथं मधे उठावं लागलं. पुढचं जबाब झाल्यावर लिहितोय.)

साहेब तरुण आहेत, तिकडच्या लातूर भागातले, येळवस त्यांनाही माहीत. त्यांनी विचारलं, "गुरुजी, तक्रार कुणाच्या विरोधात हाय?" मी माझं पूर्ण नाव सांगितलं. ते लिहायचे थांबले. "आन् तक्रार देणारा?" मी म्हटलं, तोच. मग पोतं उघडून तार टेबलावर ठेवली. पेटीतून वायर कुठून काढली, आकडा कुठं लावला, सगळं सांगितलं. तू मोटारीचा शॉक म्हणून सांगितलंस ते माझ्यासाठी सांगितलंस, हेही सांगितलं. जबाबावर सही केली. हलकं वाटेल म्हणतात, तसं काही वाटलं नाही. भीतीच वाटली. अजूनही वाटतेय.

उद्या पुन्हा पंचनामा आहे. साहेबांचा एकच प्रश्न राहिला: "तुमच्या भावाची तार जोडलेली नव्हती हे कशावरून? सगळं गाव तर उलट सांगतंय." माझ्याकडं याला पुरावा नाही. मी तुझी पेटी कधी उघडून पाहिली नाही. माझ्याकडं आहे ते फक्त तू जिन्यात बोललेलं एक वाक्य.

मी साहेबांना म्हटलं, उद्या दिवसपाळी आहे. दत्तरावची तार आहे तशी राहू द्या, पेटीला हात लावू नका. लाईट आल्यावर मोटार चालू करा, आणि पंचांसमोर मी त्या तारेला हात लावतो.

साहेब म्हणाले, "गुरुजी, येडं झालं की काय? वायरमन टेस्टर लावंल की. भाऊबंदकीत असा जीव कोन टांगतं?"

मी म्हटलं, टेस्टर सरकारसाठी लावा. त्याच्या आधी मला हात लावू द्या.

ते नाही म्हणाले. कायद्यात बसत नाही म्हणाले. पण बांध आपला आहे, मी त्यांच्या आधी पोचेन. आज मला घरी जाऊ देतायत, जाताना हे पत्र मीच तुझ्या दारात टाकतो. तू तिथं थांब. बायना येईल, धुरपता दवाखान्यातून आली असेल आणि तिला वाटलं तर तीही येऊ दे, नाही वाटलं तर तिला आग्रह करू नकोस. माझ्या काळजीनं रात्रीतून जाऊन तार काढून टाकू नकोस, पेटी उघडून पाहू नकोस.

कालच तुझ्या उसाला पाणी गेलंय, जमीन ओली असेल. मी चपला बाजूला काढून उभा राहणार आहे. तू म्हणालास, जोडलेली नव्हती. मला तेवढं पुरे आहे.

तुझा दादा